न वापरलेली पाणपाळी

तिला सगळे धाकटी म्हणायचे. सून म्हणून घरात आली तेव्हा ती खरोखरच सगळ्यांत लहान होती. आता गुडघे कुरकुरायला लागले होते, कानशिलापाशी केस पिकले होते, तरी नाव काही मोठं झालं नव्हतं. शेजारची पोरं तिला धाकटीकाकू म्हणायची, आणि हे ऐकताना आपण एकाच वेळी म्हातारीही आहोत आणि लहानही, असं तिला वाटायचं.

दोघा भावांच्या शेतात मध्ये बांध होता, पण विहीर एकच होती आणि विहिरीवर मोटरही एकच. एक दिवस थोरल्या दिरांचा, एक दिवस धाकटीच्या घरचा. मोटरीच्या खोलीत भिंतीवर पत्र्याची पेटी होती. ज्याची पाणपाळी असेल त्यानं ती उघडायची, हिरवं बटण दाबायचं, आणि फावडं खांद्यावर टाकून पाटाच्या कडेनं पाण्यामागे चालत सुटायचं.

तिच्या घरातलं ‘त्यानं’ म्हणजे ती. नवरा ट्रॅक्टर चालवायचा. नांगरट हा त्याचा जीव की प्राण. आसपासचे लोक त्याला मुद्दाम बोलावून न्यायचे, कारण त्याच्या नांगराचं तास दोरी लावल्यासारखं सरळ जायचं. स्वतःचं शेत तर तो असं नांगरायचा, वर कुळव मारून असं साफ करायचा, की काडी शोधून सापडू नये. “नुकतं विंचरलेलं डोकं दिसतंय की नाही?” तो बांधावर उभा राहून विचारायचा, आणि ते खरंच तसं दिसायचं. मग तो ट्रॅक्टर घेऊन दुसऱ्याच्या शेतात जायचा, आणि ते विंचरलेलं डोकं ओलं ठेवायचं काम धाकटीकडे यायचं.

उघड्याबोडक्या जमिनीला किती पाणी लागतं ते तिच्या पिंढऱ्यांना विचारावं. एका वाफ्याचं तोंड फोडायचं, तो भरला की फावड्यानं माती ओढून बुजवायचं, पुढच्याचं फोडायचं. शेवटच्या वाफ्याशी पोचेपर्यंत पहिल्याची माती वरून पांढरी पडायला लागलेली असायची. दोन-चार उन्हं खाल्ली की भेगा. म्हणून एकही पाणपाळी चुकवायची सोय नव्हती. लग्नकार्य असो, आजारपण असो, ती संध्याकाळच्या आत परत. इतक्या वर्षांत तिनं परक्या घरी मुक्काम म्हणून केला नव्हता.

तिची बहीण दूरच्या शहरात शिवणकाम करायची. खाली दुकान, वर दोन खोल्या. दोनदा बस बदलून जावं लागायचं, म्हणजे जाऊन त्याच दिवशी परत येणं शक्यच नाही. धाकटीनं ते घर कधी पाहिलं नव्हतं.

“ताई, तुझं लग्न माणसाशी झालंय की मोटरीशी?” बहीण फोनवर विचारायची.

“मोटरीशीच. माणूस वर फुकट मिळाला.”

दोघी हसायच्या. फोन ठेवल्यावर धाकटी एकटीच बराच वेळ त्या फोनकडे बघत बसायची.

त्या वर्षी मका काढून झाला आणि गव्हाची पेरणी तोंडावर आली, तेव्हा नवरा ट्रॅक्टरवरून उतरताना घसरला. पाय चाकाच्या कडेवर आपटला आणि नडगीचं हाड मोडलं. मांडीपर्यंत प्लास्टर घालून त्याला घरी आणलं, आणि बाहेरच्या खोलीत, खिडकीखालच्या पलंगावर ठेवलं. खिडकीतून शेत दिसायचं. त्याला तेच हवं होतं.

थोरले भेटायला आले. “काळजी करू नको,” ते भावाला म्हणाले, “तुझी नांगरट मी करून टाकतो.”

पण त्यांची स्वतःची नांगरट आधी, मग मेव्हण्याची, मग ज्याला शब्द दिला होता त्याची. धाकटी रोज विचारायची, आणि रोज उत्तर यायचं, “करतो म्हटलं ना.” थंडी वाढत चालली होती. गहू उशिरा पडला की पुढे उन्हात होरपळतो, हे सांगायला कुणी जाणकार लागत नाही. तिला आपण चिखलात रुतलेल्या बाईसारखे झालो आहोत असं वाटायला लागलं. हात द्यायला माणसं बांधावर उभी होती, पण वाकत कुणीच नव्हतं.

शेवटी ती बियाणांच्या दुकानात गेली. तो दुकानदार बोलका माणूस. त्यानं हौसेनं एक पेरणीयंत्र आणून ठेवलं होतं. न नांगरलेल्या रानात, आधीच्या पिकाच्या धसकटांमधून बारीक चीर पाडून ते बी आणि खत आत सोडायचं. दोन हंगाम त्याला कुणी हात लावला नव्हता. त्यावर दुकानातली मांजर झोपायची.

“चालतं का हे खरंच?” धाकटीनं विचारलं.

“चालतं. कागदावर तर फारच छान चालतं,” तो म्हणाला, आणि मग प्रामाणिकपणे पुढे म्हणाला, “इथे कुणी चालवून बघितलेलं नाही. तुम्ही घेणार असाल तर मी ड्रायव्हरसकट पाठवतो. काड मात्र जाळू नका. मक्याची ताटं तोडून रानात तशीच पसरा. तो पालाच पाणी धरून ठेवतो म्हणतात.”

तिनं नवऱ्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, आणि मग तिला करता आलं नसतं. मांजरीला उठवून यंत्र आलं, आणि एका सकाळी पेरणी उरकली सुद्धा. नवऱ्यानं खिडकीतून पाहिलं. आधी त्याला वाटलं, कुणीतरी रस्ता चुकून त्यांच्या शेतात शिरलंय.

“अगं, हे काय चाललंय? नांगरट कुठंय?”

“नाही केली.”

“नाही केली म्हणजे? अशी कुठे पेरणी होते का? कचऱ्यात?”

“आता झाली.”

तो तीन दिवस तिच्याशी बोलला नाही. पलंग खिडकीपासून हलवायला मात्र त्यानं नकार दिला. धसकटं उभी, त्यांच्यामध्ये पिवळा पाला पसरलेला, सरळ रेघ म्हणून कुठे दिसेना. ते शेत तो दिवसभर बघत राहायचा, जसं माणूस दुखऱ्या दातावरून जीभ फिरवत राहतो. भेटायला येणाऱ्यांनाही विषय मिळाला. “वहिनींनी कचरा पेरलाय म्हणे. उगवल्यावर आम्हालाही थोडा द्या.” तो पडल्या पडल्या लोकांबरोबर हसायचा आणि ते गेले की भिंतीकडे तोंड फिरवायचा.

पहिलं पाणी द्यायला गेल्यावर धाकटीला स्वतःच्याच अकलेची शंका आली. पाणी पुढे सरकेना. पाला तरंगत यायचा आणि वाफ्याचं तोंडच बंद करून टाकायचा. तिनं हातांनी तो उपसला, पुन्हा आला, पुन्हा उपसला. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, आणि निम्मं शेत कोरडंच राहिलं. पलीकडून जाऊबाई, थोरल्यांची बायको, बघत होती. तिच्या फावड्याचा आवाज तेवढा थांबला होता.

मग उगवण झाली तीही फिकट. थोरल्यांच्या रानात गहू हिरवागार, आणि हिच्या रानात आजारी पोरासारखा पिवळसर. बियाणेवाल्यानं येऊन पाहिलं, डोकं खाजवलं, थोडं खत वाढवायला सांगितलं. धाकटी घरी आली की नवऱ्याकडे न बघता स्वयंपाकघरात जायची. तो म्हणायचाच, “मी सांगत होतो.” त्यानं आधी सांगितलं असं काहीच नव्हतं, पण आता वाद घालायची ताकद कुणाला होती.

तसंच रखडत आणखी काही पाळ्यांत सगळं रान भिजवून झाल्यावर, एका पाणपाळीच्या दिवशी ती फावडं घेऊन निघाली, पेटी उघडली, आणि बटण दाबायच्या आधी सवयीनं एकदा रानात जाऊन आली. खाली बसून तिनं पाल्याखाली हात घातला. बोटांना गारवा लागला. तिनं माती उचलून मुठीत दाबली. माती फुटली नाही, तिचा लाडू झाला. ती पुढच्या वाफ्यात गेली, मग मधल्या, मग शेवटच्या. सगळीकडे ओल. बांधापलीकडे थोरल्यांच्या गव्हात मात्र बारीक भेगा पडल्या होत्या आणि जाऊबाई उद्याच्या पाण्यासाठी पाट साफ करत होती.

धाकटीनं पेटी लावून टाकली आणि घरी आली.

“काय झालं? मोटर बिघडली?” नवऱ्यानं विचारलं.

“नाही. पाणी नकोय.”

“कुणाला नकोय?”

“गव्हाला.”

तो तिच्याकडे अशा नजरेनं बघायला लागला की जणू गव्हानं तिला तसं तोंडानं सांगितलं असावं.

त्या दुपारी तिला काय करावं ते सुचेना. तिनं फडताळ आवरलं. मग पुन्हा आवरलं. मग बहिणीला फोन केला आणि म्हणाली, “मला वाटतं मी येईन.”

मग बहीण म्हणाली, “ये. पण लवकर ये, ताई. मुलगा मला त्याच्याकडे घेऊन चाललाय, परदेशी. गहू निघायच्या आत हे घर रिकामं करायचंय.”

एक पाणपाळी सुटली, तशी दुसरीही सुटली. पिकाचा रंगही हळूहळू सुधारला. पाल्यात अडकणाऱ्या पाण्यावर तिनं उपाय काढला: वाफ्याच्या तोंडापाशी हातभर जागा मोकळी ठेवायची, बाकी सगळं झाकलेलं. आता तिच्याकडे सलग दिवस उरू लागले. तिनं पिशवी काढून झटकली, बहिणीसाठी लोणच्याची बरणी भरली, नवऱ्याच्या जेवणाचं शेजारणीशी ठरवलं. नवराही आता कुबडीवर अंगणापर्यंत येत होता.

पण न वापरलेलं पाणी विहिरीत दिसतं. ते लपवता येत नाही.

थोरले एका सकाळी दारात आले. “तुमच्या पाळीचं पाणी तसंच राहतंय,” ते भावाला म्हणाले. “पडून ठेवण्यापेक्षा मी वापरतो.” नवऱ्यानं मान डोलावली. घरातलं पाणी घरातच राहतंय, यात विचारायचं काय? धाकटी आतून ऐकत होती. तिलाही तेव्हा त्यात वावगं वाटलं नाही.

आठवड्याभरात थोरल्यांनी रस्त्याकडचा पडीक तुकडा नांगरला आणि त्यात वांगी लावली. उघड्या जमिनीतली कोवळी रोपं, त्यांना तर सारखं पाणी लागणार. जाऊबाईला गहू सांभाळून तिकडे जाता येईना. मग थोरले पुन्हा दारात आले. या वेळी ते थेट धाकटीशी बोलले.

“तुझं शेत आता स्वतःच पाणी पितं. तू मोकळीच आहेस. वांग्याला तेवढं पाणी देत जा.”

“दादा, मी बहिणीकडे जाणार होते.”

“जा की. कोण नाही म्हणतंय? रोपं जीव धरू दे, मग जा.”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो कुबडीचं रबर नखानं कुरतडत होता. “दोन-चार दिवस कर,” तो म्हणाला. “दवाखान्यात त्यानंच नेलं होतं मला.”

त्यात खोटं काही नव्हतं. ती फावडं घेऊन वांग्यात गेली. दोन-चार दिवस सरले. रोपांनी जीव धरला, मग फुलं आली, मग फुलं गळू नयेत म्हणून पाणी. पूर्वी ती एक दिवसाआड स्वतःच्या पाण्यामागे चालायची; आता ती स्वतःच्याच पाण्यामागे चालायची, फक्त दुसऱ्याच्या शेतात. कधी कधी पाट भरून वाहताना ती थांबायची. हे पाणी मी वाचवलं, तिच्या मनात यायचं, आणि त्यानंच मला बांधून घातलं. हे कुणाला सांगणार? ऐकणारा म्हणाला असता, मग वाचवलंस कशाला?

बहिणीचे फोन कमी झाले. एकदा ती म्हणाली, “शिवणयंत्र विकलं.” नंतर म्हणाली, “पलंग गेला.” धाकटी प्रत्येक वेळी “येते” म्हणायची, आणि आपल्याच तोंडून थोरल्यांचं “करतो म्हटलं ना” बाहेर पडतंय असं तिला वाटायचं.

प्लास्टर निघालं. नवरा ट्रॅक्टरवर बसून आला, लंगडत खाली उतरला, आणि कितीतरी दिवसांनी खुशीत होता. “गहू निघू दे,” तो म्हणाला, “मग बघ कशी खोल नांगरट मारतो. हा सगळा कचरा गाडून टाकतो. पुन्हा आपलं रान आपल्यासारखं दिसेल.”

ती पोळी भाजत होती. हात तव्यावर तसाच राहिला. नांगरलं, की पुन्हा भेगा, पुन्हा एक दिवसाआड पाणी, आणि जन्मभर तेच. नाही नांगरलं, तर दादांची वांगी, मग आणखी काहीतरी. दोन्हीकडून दार बंद. पोळी जळाल्याचा वास आला तेव्हा नवरा म्हणाला, “अगं, लक्ष कुठंय?”

“इथेच आहे,” ती म्हणाली. “दुसरीकडे कुठे असणार?”

दुसऱ्या दिवशी त्यांची पाणपाळी होती. सकाळी ती मोटरीच्या खोलीत गेली. थोरले वांग्याच्या कडेला उभे राहून पाण्याची वाट बघत होते. तिनं पेटी लावली, घरच्या कोठीचं कुलूप आणलं होतं ते पेटीला घातलं, आणि किल्ली पदरात बांधली.

थोरले तरातरा आले. “हे काय?”

“आज आमची पाणपाळी आहे, दादा. आम्हाला पाणी नकोय, म्हणून मोटर बंद.”

“नकोय तर मला दे!”

“इतके दिवस दिलं. आता विहिरीत राहू दे.”

“विहिरीत राहून काय उपयोग? पाणी काय मुरत घालायचंय?”

“तुमच्या दिवशी तुम्ही उपसा,” ती म्हणाली. “माझ्या दिवशी नाही.”

“तू? तुझा दिवस?” थोरले इतके चकित झाले की रागवायचंच राहून गेलं. “अगं, तू धाकटी आहेस!”

ती घरी आली, पिशवी उचलली. नवरा उंबऱ्यात उभा होता. आरडाओरडा त्यालाही ऐकू गेला होता. “किल्ली देऊन जा,” तो म्हणाला.

“मी आल्यावर. त्यांच्या दिवशी हवं तर कुलूप तोडू दे.”

“मी दादाला काय सांगू?”

“किल्ली माझ्याकडे आहे, असं सांगा. खोटं बोलायला लागणार नाही.”

तो वाटेतून बाजूला झाला. पाय दुखत होता म्हणून, की आणखी कशानं, ते त्यानं पुढेही कधी सांगितलं नाही.

बसमध्ये तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. खिडकीबाहेर जे जे शेत दिसे, त्याला पाणी कधीचं आहे ते ती माती बघून ठरवत होती. दुसऱ्यांदा बस बदलताना तर ती जवळजवळ परत फिरली. बहिणीच्या घरी पोचली तेव्हा दोन खोल्यांत एक चटई, एक स्टोव्ह आणि दोरीनं बांधलेली खोकी उरली होती. भिंतीवर जिथे आरसा होता तिथे फिकट चौकोन होता.

“इथे कपाट होतं,” बहीण रिकाम्या कोपऱ्याकडे हात करून सांगत होती. “इथे मी बसायचे. इथून तो समोरचा पूल दिसतो. संध्याकाळी छान दिसायचं गं सगळं.”

धाकटी नुसती हं हं करत फिरली. न पाहिलेलं घर तिला आता कधीच दिसणार नव्हतं. त्याची जागा तेवढी दिसली. मग दोघी चटईवर बसल्या, बरणीतलं लोणचं बोटानं खाल्लं, आणि लहानपणी एकाच फ्रॉकसाठी केलेली मारामारी आठवून इतक्या हसल्या की खाली दुकान घेतलेल्या नव्या माणसानं काठीनं छत ठोकलं. ती चार दिवस राहिली. उरलेली खोकी बांधायला मदत केली, बहिणीच्या पायांना तेल चोळलं. पहाटे मात्र रोज दचकून जागी व्हायची आणि मोटरीचा आवाज ऐकायला कान द्यायची.

परत आली तेव्हा पेटीवर कुलूप नव्हतं. थोरल्यांनी त्याच दिवशी, तिच्याच पाळीत, ते दगडानं तोडलं होतं. तिला वाटलं होतं तसंच झालं होतं, तरी तुटलेला कोयंडा बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“तोडलं त्यानं,” नवरा म्हणाला. “मी गेलो होतो तिथे.”

“मग?”

“मग काय. तोडून मोटर चालू केली. मी बंद केली. त्यानं चालू केली, मी बंद केली. शेवटी तो म्हणाला, मोटर जळेल. मी म्हटलं, जळू दे.” त्यानं दुखरा पाय चोळला. “आपल्या पुढच्या पाळीला आला नाही.”

तिनं डोळे पुसले. त्याच्याकडून एवढ्याची अपेक्षा तिनं कधी केली नव्हती. तिनं पाणी प्यायला तांब्या घेतला.

गहू निघाला. उतारा थोरल्यांच्यापेक्षा किंचित कमीच पडला, पण पाणी निम्म्यानं लागलं होतं, आणि शेवटच्या गरम दिवसांत थोरल्यांच्या ओंब्या चिमल्या तशा हिच्या चिमल्या नाहीत. नवऱ्यानं गव्हाच्या काडांतून एक फेरी मारली, पायानं काड बाजूला सारलं, खालची काळी माती बघितली. ट्रॅक्टरला नांगर जोडलेलाच होता.

“मला हे अजूनही बघवत नाही,” तो म्हणाला.

“मग?”

“मग काय, दुसऱ्यांची रानं आहेत की नांगरायला.” आणि तो ट्रॅक्टर घेऊन दुसऱ्यांची रानं नांगरायला गेला. स्वतःच्या घरचं रान मात्र त्यानं तसंच सोडलं. लोकांनी विचारलं तर सांगायचा, बायकोला विचारा.

थोरले धाकटीशी बोलत नव्हते. वांग्यांचं पाणी मात्र थांबलं नव्हतं; त्यांच्या दिवशीचं पाणी आता तिकडे जायचं, आणि फावडं आलं होतं जाऊबाईकडे. गहू निघाल्यावर लावलेला मका आणि वर वांगी, दोन्हीकडे ती एकटी. एका दुपारी धाकटी बांधावरून जाताना तिला जाऊबाई दिसली. उन्हानं चेहरा काळवंडलेला, साडीचा काठ चिखलानं कडक झालेला.

“तू सुटलीस,” जाऊबाई मान वर न करता म्हणाली. “मला अडकवलंस.”

धाकटीला म्हणावंसं वाटलं, मी नाही अडकवलं. पण फावडं तर तिच्याच हातून तिकडे गेलं होतं. ती काही पावलं पुढे गेली. पाट मध्येच फुटला होता आणि पाणी रस्त्यावर चाललं होतं. जाऊबाईला वरच्या टोकावरून ते दिसत नव्हतं. धाकटी खाली उतरली, हातांनीच माती ओढून तिनं पाट बांधला. मग खालचे वाफे तिनं धरले, वरचे जाऊबाईनं. निम्मी वांगी भिजून झाली.

“तुमच्या गव्हाचं काड कुठंय?” शेवटी धाकटीनं विचारलं.

“जाळायला काढून ठेवलंय. का?”

“वांग्याच्या सऱ्यांत पसरून बघा.”

“हे ओरडतील.”

“ओरडतील,” धाकटी म्हणाली. “आमचे तीन दिवस बोलले नव्हते.”

जाऊबाईनं फावडं टेकवलं आणि तोंडावरून हात फिरवला. “तीनच?” ती म्हणाली. “मग चालेल.”